शेवटची गाडी कितीला?

धागा : शहरातून एका दिवसात जाऊन परत येता येईल अशी ठिकाणे कोण ठरवते? आणि तीर्थपुरी (ता. घनसावंगी, जि. जालना) त्या यादीतून दर वेळी का खोडले जात होते?

छत्रपती संभाजीनगरातील एका वसतिगृहाच्या जिन्यात महिन्यातून एकदा, शनिवारी रात्री, चौघीजणी एक वही घेऊन बसत. चौघीही पदव्युत्तर वर्गात शिकणाऱ्या, चौघींनाही जुन्या वास्तूंचे वेड, आणि वाहन मात्र एकीकडेही नाही. वहीच्या पहिल्या पानावर तीन नियम लिहिलेले होते. प्रवास एसटीने किंवा रेल्वेने करायचा. सकाळी निघून रात्री वसतिगृहाचे फाटक बंद होण्यापूर्वी परत यायचे. आणि जिथे जायचे तिथे निदान चार तास हिंडायला मिळाले पाहिजेत. नुसते बसून जाणे आणि बसून येणे नको. १७ मार्च २०२३ पासून महिलांना एसटीच्या भाड्यात ५० टक्के सवलत मिळू लागली आणि या वहीला खरी गती आली. तोवर खर्चाच्या रकान्यातच निम्मी ठिकाणे गळून पडत.

दौलताबाद, खुलताबाद आणि वेरूळ ही हाताशीच होती. देवगिरीचा किल्ला पंधरा किलोमीटरच्या आसपास, वेरूळ तीस. पैठण पन्नास. अजिंठा शंभर, पण त्या रस्त्याने गाड्यांची वाण नाही. जालना साठ, आणि तिथे रेल्वेनेही जाता येते. लोणारच्या नावापुढे एक प्रश्नचिन्ह होते, पितळखोऱ्याच्या नावापुढे दोन. यादीच्या तळाशी एकीच्या अक्षरात दर वेळी एक नाव लिहिले जाई : तीर्थपुरी. रात्री दहाच्या सुमारास ते खोडलेही जाई, बहुधा तिच्याच हाताने.

तीर्थपुरी हे तिचे गाव. तिथे काका-काकू होते, शेत होते आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांची आजी होती. आजीचा फोन आला की शेवटचे वाक्य ठरलेले असे : “तुझ्या मैत्रिणीयला घेऊन ये की एकदा, माय.” नात हो म्हणे आणि वहीत नाव लिही. मग गणित सुरू होई, आणि गणितात गाव बसत नसे.

ते गणित समजून घेण्याजोगे आहे, कारण त्यात अंतराचा भाग थोडाच होता. खेड्याच्या गाड्यांचे वेळापत्रक खेड्याच्या बाजूने लिहिलेले असते. पहाटे गाडी गावातून सुटते आणि कचेऱ्या उघडण्याच्या वेळेला तालुक्याला किंवा जिल्ह्याला पोचते. संध्याकाळी, ज्यांचा दवाखाना, बाजार, न्यायालयातील तारीख किंवा महाविद्यालय आटोपले आहे अशा माणसांना घेऊन ती परत गावी जाते आणि रात्री तिथेच उभी राहते. हीच मुक्कामी गाडी. चालक आणि वाहक गावातच झोपतात. कुठे देवळाच्या ओसरीवर, कुठे ग्रामपंचायतीच्या खोलीत, कुठे गाडीतच. उजाडण्यापूर्वी इंजिनाचा आवाज झाला की गावातल्या अर्ध्या घरांत चहाचे आधण ठेवले जाते.

शहरातून निघणाऱ्या माणसाला हा प्रवाह उलटा कापावा लागतो. सकाळी गाड्या शहराकडे येत असतात, संध्याकाळी गावाकडे जात असतात. त्यामुळे गावातून शहराकडे जाणारी दिवसाची शेवटची गाडी लवकर सुटते. अंधार पडल्यावर गावात जी गाडी शिरताना दिसते, ती परत जाणारी नसते. ती मुक्कामाला आलेली असते. रस्ता तोच, किलोमीटर तेवढेच. पण तीर्थपुरीच्या माणसाला शहरात सहा-सात तास मिळतात, आणि शहराच्या माणसाला तीर्थपुरीत, मध्ये गाडी बदलण्याचा वेळ धरला तर, जेमतेम दोन. वहीतल्या तिसऱ्या नियमावर गाव दर वेळी अडत होते ते येथे.

हे उमगल्यावर पुढचा प्रश्न आपोआपच आला. आजी गेली कित्येक वर्षे या गाड्यांनी शहरात येत होती. जमिनीच्या दाव्याच्या तारखा, आजोबांचा दवाखाना, एकदा डोळ्यांची शस्त्रक्रिया. एका दिवसात जाऊन परत येण्याचा जेवढा अनुभव तिच्या गाठीशी होता, तेवढा चौघींचा मिळूनही नव्हता. तिने मात्र वेरूळ पाहिले नव्हते, देवगिरी लांबूनच पाहिला होता. तिच्या बोलीत या प्रवासांना सहल असा शब्दही नव्हता. ती ‘खेप’ म्हणे. खेप म्हणजे ओझे घेऊन केलेली फेरी.

अंतर दिवसांत मोजण्याची रीत या प्रदेशाला नवी नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकात ‘पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी’ या ग्रंथाच्या ग्रीक लेखकाने दख्खनच्या बाजारपेठांची नोंद केली, ती दिवसांच्या हिशेबातच : पैठण हे भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांवर आणि तगर, म्हणजे आजचे तेर, पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांवर. त्या लेखकाला गव्हाणी-गाड्यांचा आणि बैलांच्या चालीचा वेग गृहीत धरायचा होता. पुढे मराठीत एका दिवसाच्या चालीला ‘मजल’ हा शब्द रूढ झाला. तो अरबी ‘मंझिल’वरून आला. फौजा ‘मजल दरमजल’ करीत निघत आणि जिथे थांबत तो त्यांचा ‘मुक्काम’. हा शब्दही अरबीच. मजल आता म्हणींपुरती आणि बखरींपुरती राहिली. मुक्काम मात्र एसटीच्या पाटीमागे आजही जिवंत आहे.

राज्यकर्त्यांनीही हाच गज वापरला. १७९० साली क्रांतिकारी फ्रान्सने जुने प्रांत मोडून नवे विभाग आखले, तेव्हा विभागाच्या कोणत्याही टोकाच्या माणसाला मुख्य गावी एका दिवसात पोचता यावे, असा विचार त्यामागे होता. आपल्याकडे १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा निर्माण झाला. जालना, अंबड, भोकरदन आणि जाफराबाद हे तालुके तत्कालीन औरंगाबाद जिल्ह्यातून घेतले आणि परतूर परभणीतून. त्या दिवशी अंबडच्या दक्षिणेकडील गावांचे जिल्ह्याचे ठिकाण जवळ आले. तीर्थपुरीत त्याचा अर्थ साधा होता : ज्या कामाला पूर्वी शहरात रात्र काढावी लागण्याची भीती असे, ते काम आता मुक्कामी गाडीच्या वेळेत बसू लागले. जिल्हानिर्मितीच्या चर्चांत अस्मितेविषयी पुष्कळ बोलले जाते. संध्याकाळची गाडी मिळाली की नाही, याची नोंद मात्र कोणी ठेवत नाही.

आता यादीकडे पुन्हा पाहावे. दौलताबाद, वेरूळ, अजिंठा ही ठिकाणे तिथे सर्वांत वर का? ती थोर आहेत हे उत्तर खरे, पण अपुरे. १९०० च्या सुमारास मनमाड ते सिकंदराबाद हा मीटरगेज लोहमार्ग निजामाच्या राज्यातून टाकला गेला. त्याचे नाव ‘हैदराबाद–गोदावरी व्हॅली रेल्वे’. नावात गोदावरी असली तरी जालन्याजवळ नदी रुळांपासून चाळीस-पन्नास किलोमीटर दक्षिणेला राहते. दौलताबाद, औरंगाबाद, बदनापूर, जालना, परतूर ही स्थानके झाली. जालन्याची कापसाची पेठ फुगली. नदीकाठचा प्रदेश, ज्याला जुन्या कागदांत गंगाथडी म्हटले आहे, तो रुळांच्या नकाशावरून खाली सरकला.

१९१४ मध्ये हैदराबाद संस्थानाने पुरातत्त्व विभाग स्थापन केला. गुलाम याझदानी त्याचे संचालक झाले. अजिंठ्याच्या चित्रांच्या जतनासाठी १९२० नंतर लोरेन्झो चेकोनी या इटालियन तज्ज्ञाला पाचारण केले गेले. पुढे याझदानींनी अजिंठ्यावर चार खंड प्रसिद्ध केले. लेण्यांना रस्ते मिळाले, जगभरचे पाहुणे मिळाले. जून १९३२ मध्ये निजाम राज्य रेल्वेने स्वतःचा मार्ग परिवहन विभाग सुरू केला, तो २७ गाड्यांनिशी. मुंबई राज्याची पहिली सरकारी एसटी पुणे–अहमदनगर मार्गावर धावली ती १ जून १९४८ रोजी, म्हणजे सोळा वर्षांनी. मराठवाड्याला सरकारी बसचा अनुभव आधी मिळाला ही अभिमानाने सांगण्याजोगी गोष्ट आहे. पण ती सेवा रेल्वेचीच शाखा होती हेही विसरू नये. रूळ जिथे होते तिथून तिचे जाळे पसरत गेले.

आणि सहलीला सुट्टीही लागते. नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी केलेल्या प्रयत्नांतून १० जून १८९० रोजी रविवारची साप्ताहिक सुट्टी मान्य झाली. चौघींच्या वहीतला रविवार तिथून येतो. आजीच्या दिनदर्शिकेत रविवार कधी आलाच नव्हता. तिथे आठवडी बाजार, एकादशी आणि कोर्टाची तारीख एवढेच वार होते.

सारा दोष रेल्वेवर टाकणे सोपे आहे, पण न्याय्य नाही. पैठणचे व्यापारी वैभव रूळ येण्यापूर्वी कित्येक शतके ओसरलेले होते. शिवाय गंगाथडी ओस पडली असेही नव्हे. जांब येथे, आजच्या घनसावंगी तालुक्यात, १६०८ साली समर्थ रामदासांचा जन्म झाला. रामनवमीला तिथे आजही माणसे लोटतात. अंबडला मत्स्योदरी देवीचे नवरात्र मोठे असते. माणसे येत होती, जात होती. फक्त ती यात्रेकरू होती. पर्यटकांच्या पुस्तिकेत त्यांची नोंद होत नव्हती.

वहीतील नाव सात वेळा खोडून झाले होते, तेव्हा आठव्या वेळी एक वेगळीच गोष्ट घडली. नात ग्रंथालयात राक्षसभुवनच्या लढाईविषयी वाचत होती. राक्षसभुवन गोदावरीच्या दक्षिण काठावर, आजच्या बीड जिल्ह्यातील गेवराई तालुक्यात. ही लढाई मराठी वाचकाला माहीत असते ती माधवराव पेशव्यांच्या पहिल्या मोठ्या विजयामुळे. पण तिचा खरा सूत्रधार नदी आहे, आणि ते थोडे सविस्तर सांगितले पाहिजे.

पानिपताला जेमतेम अडीच वर्षे झाली होती. पुण्यात अठरा वर्षांचे माधवराव आणि त्यांचे चुलते रघुनाथराव यांच्यात सत्तेची ओढाताण चालू होती. त्या संधीचा फायदा घेऊन १७६३ च्या उन्हाळ्यात निजाम अलीच्या फौजेने पुणे लुटले आणि जाळले. मराठ्यांनी उलट निजामाच्या मुलखात धुमाकूळ घातला. नागपूरचे जानोजी भोसले निजामाच्या बाजूने होते. त्यांना फोडून परत आणले गेले. पावसाळा सुरू झाला तेव्हा निजाम अली औरंगाबादेकडे निघाला होता. छावणीसाठी शहर गाठायचे, तर मध्ये गोदावरी आडवी.

नदीला पूर होता. एवढी मोठी फौज, तोफा, बैल आणि बाजारबुणगे नावांमधून पलीकडे नेणे म्हणजे अनेक दिवसांचे काम. निजाम अली स्वतः काही फौजेसह उत्तर काठावर उतरला. त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर उरलेल्या सैन्यासह दक्षिण काठावर, राक्षसभुवनला राहिला. १० ऑगस्ट १७६३ रोजी मराठे तिथे पोचले. लढाईच्या ऐन भरात रघुनाथराव शत्रूच्या गराड्यात सापडले आणि माधवरावांनी धाव घेऊन त्यांना सोडवले. विठ्ठल सुंदर मारला गेला, फौज मोडली. निजाम अली समोरच्या काठावर होता. मध्ये पात्र होते, पाणी होते, आणि त्या पाण्यातून मदत पाठवणे त्याला शक्य नव्हते. त्याने आपल्या सैन्याचा नाश पाहिला, एवढेच. पुढच्याच महिन्यात औरंगाबादला तह झाला.

लष्करी इतिहासाची पुस्तके या लढाईतून नेतृत्वाचे धडे काढतात, ते काढावेत. नातीला मात्र त्या पानांत नदीकाठच्या लोकांना पाठ असलेली एक गोष्ट दिसली : दिवसाची शेवटची नाव कोणती, हे ज्याला कळले नाही तो चुकीच्या काठावर राहतो.

रात्री फोनवर तिने आजीला ही लढाई सांगितली, आजीला कंटाळा येईल या धाकाने थोडक्यात. आजीने मध्येच थांबवले. “राक्षसभुवन? अगं, आमच्या माहेरच्या वाटेवर हाय ते.”

आजीचे माहेर नदीपलीकडे गेवराई तालुक्यात आहे हे नातीला ठाऊक होते. त्याचा अर्थ काय होतो याचा तिने कधी विचार केला नव्हता. आजीचे लग्न झाले तेव्हा तिच्या वाटेवर पूल नव्हता. बैलगाडीने काठापर्यंत यायचे, नाव मिळाली की पलीकडे, आणि पुढे चालत. ज्येष्ठात नदीला पाणी आले की माहेर तुटे. ते दसऱ्याच्या आसपास पुन्हा जोडले जाई. लग्नानंतर दुसऱ्या की तिसऱ्या वर्षी, आजीच्या कालगणनेप्रमाणे “धरणाच्या आधी”, श्रावणात निरोप आला की आई अत्यवस्थ आहे. १९६५ च्या ऑक्टोबरात लालबहादूर शास्त्री यांनी जायकवाडीची पायाभरणी केली, तेव्हा हा प्रसंग त्यापूर्वीचा. आजी दिराबरोबर काठावर आली. नावाडी म्हणाला, आज नाही. ती दोन दिवस काठावरच्या एका ओळखीच्या घरी थांबली, सकाळ-संध्याकाळ पाण्याला जाऊन बघत होती. तिसऱ्या दिवशी नाव लागली. पलीकडे पोचली तेव्हा घरातली माणसे स्मशानातून येऊन बसली होती.

आजीने हे कधीच सांगितले नव्हते असे नाही. कोणी विचारले नव्हते. तिने ते सांगितलेही बातमी सांगावी तसे. शेवटी एवढेच म्हणाली, “तुमच्या त्या निजामाला तरी कळलं असंल मग, कसं वाटतं ते.”

दोन्ही प्रसंगी माणूस उत्तर काठावर उभा होता आणि त्याचे जे जायचे होते ते दक्षिण काठावर गेले. निजामाची फौज आणि एका मुलीची आई यांना एका मापात घालणे इतिहासाच्या शिस्तीला मान्य होणार नाही, हे खरे. पाण्याला ती शिस्त माहीत नव्हती.

त्या शनिवारी जिन्यात बैठक भरली तेव्हा नातीने वहीतील दुसरा नियम खोडला. सकाळी निघायचे नाही, आदल्या संध्याकाळी निघायचे. शहरातून गावाकडे माणसे ज्या वेळी जातात त्याच वेळी, त्यांच्याच गाडीने. रात्र तीर्थपुरीला काढायची आणि सहल तिथून सुरू करायची. परतताना तीर्थपुरीला यायचेच नाही. शहागडला धुळे–सोलापूर महामार्गावर आले की बीडकडून शहराकडे येणाऱ्या गाड्या रात्रीपर्यंत मिळतात. लातूरकडच्या मैत्रिणीने आक्षेप घेतला की ही एका दिवसाची सहल राहिली नाही. नाशिकच्या मैत्रिणीचे म्हणणे, दिवस कुठून मोजायचा ते आधी ठरवा. वाद अर्धा तास चालला. फाटकाची वेळ मात्र सर्वांना मान्य होती.

हिवाळ्यातल्या एका शनिवारी चौघी निघाल्या. अंबडला गाडी बदलली. दुसरी गाडी भरलेली होती. जागा मिळाली ती खताच्या पोत्यांच्या आणि एका शिवणयंत्राच्या मधून. ऊस तोडणीचे दिवस असल्यामुळे रस्त्यावर बैलगाड्या आणि ट्रॅक्टर यांच्या मागे गाडी रेंगाळत चालली. या गाडीत चौघींखेरीज सगळे जण घरी परतत होते. कोणाची साखर तपासून झाली होती, कोणाचा निकाल लागायचा होता, एका बाईने मुलीसाठी घेतलेली चप्पल तिन्ही शेजारणींना दाखवली. २०२१ च्या ऑक्टोबरअखेरीपासून २०२२ च्या एप्रिलपर्यंत एसटीचा संप चालला, त्या काळाची आठवण गाडीत अजून ताजी होती. तेव्हा तालुका पुन्हा दूर गेला होता, असे पुढच्या आसनावरचे एक गृहस्थ म्हणाले; जणू तो एखाद्या ग्रहासारखा जवळ-दूर फिरत असावा.

गाडी गावात शिरली तेव्हा अंधार होता. आजी फाट्यापर्यंत आली होती. रात्री भाकरी, पिठले, ठेचा आणि शेतातला कोवळा हुरडा. जेवणे झाल्यावर काकूंनी एक डबा बांधून बाहेर पाठवला. तो मुक्कामाला थांबलेल्या चालक-वाहकांचा. ही प्रथा कोणी सुरू केली हे विचारल्यावर काकूंना प्रश्नच कळला नाही.

पहाटे त्याच गाडीने पाचजणी निघाल्या. वाहकाने आजीकडे आधारकार्ड मागितले. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तर वर्षांवरील नागरिकांना एसटीचा प्रवास विनामूल्य आहे. आजीच्या कार्डावर जन्मतारीख १ जानेवारी होती, जशी तिच्या पिढीतल्या असंख्य माणसांच्या कार्डावर असते. शाळेत नाव घालताना किंवा कार्ड काढताना कोणीतरी सोयीने लिहिलेली. वाहकाने शून्य रुपयांचे तिकीट हातात दिले. आजीने ते घडी करून चंचीत ठेवले. चौघींनी अर्धे भाडे भरले. वाटेत एकदा गाडी बदलून शहागडला पोचल्यावर पुढची सोय काळी-पिवळी जीपची होती. ते सार्वजनिक वाहन मानावे की नाही यावर वहीत नियम नव्हता, आणि आजी आधीच पुढच्या आसनावर बसलेली होती.

जीप पुलावर आली. खाली गोदावरीचे पात्र रुंद आणि बरेचसे कोरडे होते. मधून पाण्याची एक पट्टी. वरच्या बाजूला जायकवाडीचे धरण १९७६ पासून उभे आहे आणि तेव्हापासून या भागातले पाणी बरेचसे दरवाजांच्या हुकमाने येते. पूल ओलांडायला दोन मिनिटेही लागली नाहीत. आजी काही बोलली नाही. तिने फक्त पलीकडचा काठ मागे जाईपर्यंत मान वळवून पाहिले.

राक्षसभुवनला शनीचे देऊळ प्रसिद्ध आहे. शनिवारी आणि अमावास्येला गर्दी असते. रविवार असल्याने घाट निवांत होता. चौघींनी १७६३ ची मांडणी जमिनीवर करून पाहण्याचा प्रयत्न केला. फौज कुठून आली असेल, विठ्ठल सुंदर कुठे उभा असेल, उतार कुठे असेल. सपाट माळ, ऊस, विजेचे खांब. लढाईची जागा बहुधा अशीच दिसते, म्हणजे लढाईची दिसतच नाही. तेवढ्यात आजी एका पायरीपाशी थांबली आणि तिने हात उंचावून पाण्याची रेघ दाखवली. “भर श्रावणात इथवर.” रेघ तिच्या डोक्याच्याही वर होती. त्या उंचीवरून समोरच्या काठाकडे पाहिल्यावर निजाम अली मदत का पाठवू शकला नाही, हे पुस्तकातल्या तीन पानांपेक्षा लवकर कळले. लातूरच्या मैत्रिणीने वहीत आजीची उंची लिहून घेतली : चार फूट दहा इंच, अधिक एक हात.

माहेरच्या गावी दुपारी पोचल्या. आजीचा भाऊ कधीच वारला होता. भाचा, भाचेसून आणि त्यांची मुले होती. आत्याबाई आल्या म्हणून धावपळ झाली. चहा, मग जेवण, मग पुन्हा चहा. चार वाजले तशी नात घड्याळ पाहू लागली. शहागडपर्यंत जायला हवे, तिथून आजीला तीर्थपुरीच्या दिशेची गाडी मिळवून द्यायला हवी, मग शहराची गाडी, मग फाटक. तिने भाच्याला विचारले, “मामा, शेवटची गाडी कितीला?”

उत्तर आजीने दिले. “तुम्ही निघा. मी मुक्काम करते.”

सगळ्यांना ते ऐकून आनंद झाला आणि थोडे नवलही वाटले. भाचेसून म्हणाली, आत्याबाई कित्येक वर्षांत राहिल्याच नाहीत. आजीने हिशेब सांगितला. नावेच्या काळात आले की आठ-आठ दिवस राहत होते, कारण परत जायचे म्हणजे नाव, गाडी, सोबत, सगळेच जमवावे लागे. पुढे एसटी झाली. लग्न असो, बारसे असो, दिवस असो. सकाळी यायचे, जेवायचे आणि संध्याकाळच्या गाडीने परत. “गाडी हाय म्हणल्यावर ऱ्हायला कोण ऱ्हा म्हणणार?” भाऊ गेला तेव्हाही ती संध्याकाळीच परतली होती.

काकांना फोन करून कळवले. आजीने चंची उघडून शून्य रुपयांचे तिकीट नातीला दिले, तुझ्या वहीत चिकटव म्हणाली.

शहागडला अंधार पडता पडता बीडकडून आलेली गाडी मिळाली. चौघी मागच्या बाकावर बसल्या. पाचोड मागे पडल्यावर दिव्याखाली वही उघडली गेली. ठिकाण : तीर्थपुरी, राक्षसभुवन. निघण्याची वेळ, गाड्या, भाडे, सगळे रकाने भरले. परतीच्या रकान्यात चौघींची वेळ लिहून झाली. पाचव्या नावासमोर नातीने ‘मु.’ एवढेच लिहिले आणि वही मिटली.